तौलनिक अभ्यास आणि एक भाषा अधिक

तौलनिक साहित्याभ्यास हा विषय आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. १९०७ साली कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या वतीने या विषयावर बोलण्याची विनंती रवींद्रनाथांना झाली, तेव्हा त्यांनी त्यास ‘विश्वसाहित्य’ हे नाव दिले. पुढे १९५६ साली जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंच्या पुढाकाराने त्याचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९८१ साली वसंत बापटांच्या ‘तौलनिक साहित्याभ्यास : मूलतत्त्वे आणि दिशा’ या ग्रंथाने मराठीतही त्याची रीतसर मांडणी झाली. असे असूनही दुसरी भाषा न शिकता दुसऱ्या साहित्याशी तुलना करता येते काय, हा प्रश्न आपण अद्यापि नीटसा विचारलेला नाही.

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी तो टाळला, याचे कारण उघड आहे. दुसरी भाषा म्हणजे इंग्रजी, आणि ती आम्हांस येतच होती! मग तुलना म्हणजे मराठी कृतीचे इंग्रजी कुळ शोधून काढणे, एवढाच तिचा अर्थ उरला. ‘विकारविलसित’ म्हटले की हॅम्लेट, ‘झुंझारराव’ म्हटले की ऑथेल्लो; मुद्दल किती आणि व्याज किती, याचा हिशेब मांडला की काम संपले. हा सावकारी हिशेब झाला. त्यास रसिकांनी टीका का म्हणावे?

याहून निराळा मार्ग माधव जूलियनांनी दाखविला होता. ते फारशीचे अध्यापक. ‘गज्जलांजलि’ १९३३ साली निघाली, पण तत्पूर्वीच, १९२५ साली, त्यांनी फारशी-मराठी कोश सिद्ध केला होता. भाषेची सेवा आधी आणि काव्यरूपाचा स्वीकार मागून, हा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. छंदाच्या बाबतीत अशा अभ्यासाचे फळ कसे मिळते ते पाहा. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत : लघु, गुरु, गुरु या क्रमाचे चार गण. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ ज्या वृत्तात आहे त्याचाही गण हाच. फक्त प्रत्येक चरणाच्या शेवटी एक गुरु कमी. म्हणून समर्थांनी फिर्दौसीचे अनुकरण केले, असे कोणी म्हणू लागल्यास ते हास्यास्पद होईल, कारण भुजंगप्रयात हे संस्कृतातील जुने वृत्त आहे. साम्य म्हणजे ऋण नव्हे, हा तौलनिक अभ्यासाचा पहिला धडा येथे मिळतो. परंतु तो मिळण्यास फारशी चरण कानांनी ऐकावा लागतो. भाषांतरात वृत्त उरतच नाही.

आता आमच्या यवतमाळचे उदाहरण घेऊ. वा. वा. तथा भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) हे येथले वकील, शिकारी आणि मराठी शायर. मेलेल्याने आपल्याच अंत्ययात्रेची हकीकत हसत सांगावी, अशा त्यांच्या रचनांनी मैफली गाजल्या. उर्दू न जाणणारा वाचक त्यांस एका खेळकर वकिलाची थट्टा समजतो. उर्दू जाणणारास ठाऊक असते की, मृत्यूनंतर बोलणारा कवी हा गझलेतील जुनाच संकेत आहे. मात्र तेथे त्याची तक्रार बहुधा प्रेयसीकडे असते. भाऊसाहेबांचा मृत मनुष्य भोवती जमलेल्या लोकांची रेवडी उडवितो, आणि तीही अस्सल मराठी वळणाने. घेतले काय, हे कळल्याशिवाय दिले काय, हे कळत नाही. भाऊसाहेबांची खरी थोरवी उर्दूच्या शेजारी ठेवल्यानेच वाढते, हे आमचे स्पष्ट मत आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट व्याकरणाची. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीचा उल्लेख संकेताने पुल्लिंगी होतो. त्यामुळे एकच शेर माणसाकडे आणि परमेश्वराकडे एकाच वेळी वळू शकतो. मराठी शायराने ‘ती’ म्हटले की दुसरी वाट बहुधा बंद होते. मग मराठीस हा द्व्यर्थ अपरिचित आहे काय? मुळीच नाही. ज्ञानदेवांच्या विराण्यांत कवी स्वतःच विरहिणी होतो. उर्दूने प्रियाचे लिंग ठरविले, मराठीने कवीचे पालटले, आणि दोघी एकाच ठिकाणी पोहोचल्या. असा उलगडा नुसत्या अनुवादाच्या वाचनातून होणे कठीण.

यावर आक्षेप येईल की, विद्यार्थ्याने भाषा तरी किती शिकाव्यात? आक्षेप रास्त आहे. अनुवादावाचून जगाचे साहित्य कोणासच गाठता येणार नाही; ‘मेघदूत’ आणि बोदलेर बंगालीत आणणारे बुद्धदेव बसू स्वतःच थोर अनुवादक होते. परंतु ज्याने एक तरी परकी भाषा तिच्या व्याकरणासह, उच्चारासह आत्मसात केली आहे, त्यासच अनुवादात काय गळते याची जाणीव असते. म्हणून विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकवावयाचे ते एका जिवंत भाषेच्या जोडीनेच शिकवावे. अनुवाद विस्तारासाठी असावा, भाषा खोलीसाठी.

आणि ती भाषा फ्रेंच किंवा जर्मनच असली पाहिजे, असे थोडेच आहे? या जिल्ह्यात मराठीबरोबर उर्दू, गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात. तेलंगणाच्या शिवेकडे तेलुगूही कानी पडते. कोलामीवर एमेनो या अमेरिकन भाषापंडिताने १९५५ साली सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. आम्ही मात्र घरी कोलामी बोलणाऱ्या मुलास ‘मराठीत कच्चा’ एवढाच शेरा देत आलो. वर्गात त्याच्यापुढे उभे राहून तौलनिक साहित्याची महती सांगताना आम्हांस संकोच वाटावयास हवा होता. ज्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहण्यास आम्हांस पुस्तके धुंडाळावी लागतात, तेथे तो रोज ये-जा करीत असतो.