खुलभर दुधाचा तपास

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकते. ‘आवडत्या साहित्यकृतीवर काहीतरी लिहा’ असा स्मरणिकेसाठी निरोप आला, तेव्हा मी कपाटातल्या जाडजूड कादंबऱ्यांकडे मोठ्या आशेने पाहिलं. त्यांतल्या निम्म्या मी अर्ध्यावरच सोडलेल्या! मला मनापासून आवडतात त्या तीनच गोष्टी : रहस्यकथा, श्रावणातल्या कहाण्या आणि मऊ भात-मेतकूट. तिन्ही चारचौघांत मिरवण्यासारख्या नाहीत. पण या तिन्हींची चव एकत्र देणारी एक साहित्यकृती आपल्याकडे आहे, म्हणून तिच्यावरच लिहिते आहे. ती म्हणजे सोमवारची खुलभर दुधाची कहाणी.

रहस्यकथांचं वेड शाळेपासूनचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आमच्या घरी गादीखाली वस्तीला असत, कारण बाबांच्या मते ते ‘वाचन’ नव्हे. पुढे लग्न होऊन मेलबर्नला आले आणि कळलं की आपण तर रहस्यकथेच्या माहेरीच आलोय. फर्गस ह्यूमची ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ १८८६ साली इथेच छापली गेली. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी आली ती त्यानंतरच्या वर्षी! वेरिबीहून गाडीने फ्लिंडर्स स्ट्रीटला उतरावं, चालत कॉलिन्स आणि रसेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जावं, की स्कॉट्स चर्च दिसतं. त्या कथेतली घोडागाडी तिथूनच निघते. पुस्तक तडाखेबंद खपलं, पण ह्यूमने त्याचे हक्क अवघ्या ५० पौंडांना विकून टाकले. एवढी रहस्यं रचणाऱ्याला आपल्या पुस्तकाची किंमत काही ओळखता आली नाही.

तर मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याकडचा श्रावण म्हणजे इथला ऐन हिवाळा. गेल्या श्रावणात एका सोमवारी संध्याकाळी मी वेरिबी साउथच्या मळ्यातला फ्लॉवर चिरत होते आणि दहा वर्षांची लेक ओट्याशी बसून होती. गोष्ट सांग म्हणाली. माझी आई सांगायची तशी मी ही कहाणी सांगितली.

कहाणी आपल्याला ठाऊकच आहे. राजाला वाटलं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, घरात थेंब न ठेवता सगळं दूध देवळात आणा. धाकाने लोकांनी वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही. तरी गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचं काम आटोपलं होतं, लेकरांना, सुनांना, वासरांना दूध दिलं होतं आणि मग उरलेलं खुलभर, म्हणजे अगदी थोडंसं, दूध ती घेऊन आली होती. ते तिने वाहिलं आणि गाभारा काठोकाठ भरला. ती निघून गेली. राजाला उलगडा होईना. पुढच्या सोमवारी त्याने पहारा बसवला, तरी शोध लागला नाही. तिसऱ्या सोमवारी स्वतः जाऊन बसला आणि त्याने म्हातारीचा हात धरला.

आता पाहा, यात रहस्यकथेचं सगळं सामान आहे. न उलगडणारी घटना आहे, हात हलवत परतलेले पहारेकरी आहेत, स्वतः तपासाला बसणारा राजा आहे आणि शेवटी जबानी आहे. कुणी म्हणेल, यात चमत्कार आहे आणि रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली घालून दिलेल्या रहस्यकथेच्या दहा नियमांत दैवी शक्तीला मज्जाव आहे. मान्य. पण मला वाटतं, इथे चमत्कार फक्त कोडं घालतो. उत्तर मात्र अगदी माणसांतलं आहे.

शिवाय हे उत्तर ऐकणाऱ्यापासून लपवलेलंच नाही. म्हातारीने आधी कुणाला दूध दिलं, ते कहाणी आपल्याला सुरुवातीलाच सांगते. गुन्हा कुणी केला हे आधी सांगून मग तपास दाखवायचा, अशा उलट्या रहस्यकथांचा प्रयोग ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने केला. त्याचा तसा संग्रह १९१२ साली आला. आपल्या आज्या ते ओट्यावर बसून करत होत्या! पहारेकऱ्यांना शोध लागला नाही याचं कारणही कहाणीतच आहे. त्यांनी देवळावर नजर ठेवली आणि उत्तर होतं म्हातारीच्या स्वयंपाकघरात. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबाईंनी पहिल्याच सोमवारी विचारलं असतं, ‘आज घरोघरी पोरं काय जेवली?’

कहाणीत उणं नाही असं नाही. शेवट घाईने उरकला आहे. राजाला नाव नाही ते चालेल, पण जिच्यामुळे सगळं घडलं तिलाही नाव नाही. ज्यांनी धाकाने दूध आणलं त्यांची बाजू तर कुणीच विचारत नाही.

हे सगळं मी मोठ्या हुशारीने मनात जुळवत होते, तेवढ्यात लेकीने विचारलं, ‘‘आई, म्हणजे आजीबाईंनी रूल मोडला ना? राजाने तर सगळं दूध आणायला सांगितलं होतं.’’

मी थांबलेच. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हुकमाप्रमाणे पाहिलं तर गुन्हेगार म्हातारीच. राजा तिला पकडतो, अभय देतो आणि तिचं बोलणं ऐकता ऐकता त्याच्या लक्षात येतं की चूक आपल्याच दवंडीत होती. ज्याचा शोध घ्यायचा तो शोधणाराच निघावा, हे ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या ईडिपसमध्येही आहे. तिथे राजा डोळे फोडून घेतो. आपला राजा दवंडी बदलतो. आधी मुलाबाळांना, वासरांना द्या, मग उरलेलं आणा. मला आपला राजा अधिक शहाणा वाटतो.

इथे लेख संपवता आला असता. पण लेक पुढे म्हणाली, ‘‘तू पण सगळं तिकडेच नेतेस.’’

‘तिकडे’ म्हणजे आपल्या मंडळात. आदल्या वर्षी गणपतीच्या आधी तीन आठवडे मी रोज संध्याकाळी हॉलवर होते. नाटकाच्या तालमी होत्या, सजावट होती, शिवाय लहान मुलांना मराठी गाणी शिकवण्याचं काम माझ्याकडेच होतं. घरी लेक आणि तिचे बाबा ब्रेड-बटर खाऊन झोपत. ती माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली होती आणि मी मात्र दुसऱ्यांच्या मुलांचे उच्चार सुधारत होते! वर ‘पुढची पिढी मराठीपासून तुटते आहे’ असं भाषणही केलं. पहारा माझा देवळावर होता.

दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा एवढा अभ्यास केला आणि ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या हातून का व्हाव्यात, ते मला आता थोडं कळतं. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने आपल्याला स्वयंपाक शिकवला. माझीही प्रत तेलाच्या डागांनी पार रंगली आहे. पण पुस्तक माप सांगतं. आधी कुणाला वाढायचं, ते कहाणी सांगते.

मंडळाचं काम मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. देवळात दूध न्यायचंच नाही, असं म्हातारीही म्हणत नाही. फक्त आता सोमवारची संध्याकाळ घरची ठेवली आहे. त्या दिवशी कुकरमध्ये मऊ भात, वर मेतकूट आणि तुपाची धार, शेजारी पोह्याचा पापड. जेवताना एक गोष्ट. कधी कहाणी, कधी फास्टर फेणे. लेक मध्येच ‘थांब, मी ओळखते’ म्हणते, तेही मराठीत. बहुतेक वेळा चुकते, पण शोध सोडत नाही.

तेव्हा कार्यकारिणीला आगाऊ सूचना : यंदा गणपतीला माझ्याकडून येणारा डबा लहान असेल. गोड मानून घ्यावा. खुलभर आहे!