सा, प आणि पुढं काही नाही

'प्रायोगिक' हा शब्द कानावर आला की मराठी माणूस आधी पंखा कुठं आहे ते बघून घेतो. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलनं आपल्याला ही सवय लावली. प्रायोगिक म्हणजे घडीच्या खुर्च्या, बेताचा उजेड आणि बाहेर पडताना 'विचार करायला लावणारं होतं' असं एकमेकांना बजावणं. आम्हां सातारा-सांगलीकडच्या लोकांना तसं प्रयोगाचं वावडं नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवलं तेव्हापासून आमच्याकडं नाटकाचा प्रयोगच होतो, सिनेमासारखा 'शो' होत नाही.

'भूमिगत' या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी. साताऱ्यात तो जपून वापरावा लागतो. पुण्याहून आलेला माझा पुतण्या जेवता जेवता म्हणाला, "काका, मी सध्या फक्त एक्सपरिमेंटल आणि अंडरग्राउंड म्युझिक ऐकतो." घरात त्र्याण्णव वर्षांच्या आत्याबाई आहेत. पत्री सरकारच्या दिवसांत त्यांनी परकराच्या ओच्यातून भाकऱ्या पोचवलेल्या. अंडरग्राउंड म्हणजे भूमिगत एवढं इंग्रजी त्यांना नाना पाटलांमुळं येतं. त्यांनी हातातला घास खाली ठेवून हळूच विचारलं, "कुणाच्या घरात ठेवलंय?"

त्यांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता, कारण याच मुलखात एक वाद्य खरोखरच भूमिगत होतं. आपली पेटी. 1940 च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत काही उठली नाही. इंग्रज राज्य गेलं, बंदी राहिली. गावोगावच्या भजनात, तमाशात, नाट्यगीतात पेटी खुशाल वाजत होती. रेडिओत तेवढं तिला दार बंद. एकतीस वर्षं! एवढी शिक्षा खुनालासुद्धा होत नाही.

गुन्हा काय, तर बेसूरपणा. पेटीचे बारा सूर कारखान्यातून ठोकून आलेले. त्यांना मींड येत नाही आणि शुद्ध गंधार जागच्या जागी नसतो, किंचित चढा असतो. या गंधाराकडं लक्ष ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे. 1938 साली पेटीविरुद्ध कडक लेख लिहिणारे जॉन फौल्ड्स हे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख. पेटी युरोपातली, तिच्यावर फिर्याद करणारा साहेब, आणि तिची बाजू घेणारे आमचे भजनी बुवा! असा खटला फक्त आपल्याच देशात उभा राहू शकतो.

पण त्याही आधी आमच्याकडच्या दोन सरकारी माणसांनी पेटी सुधारायचा घाट घातला होता. एक, निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल. दुसरे, अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. न्यायाधीश. सप्तकात श्रुती बावीस, मग पेटीनं बारांवरच का भागवावं? मदतीला गळा कुणाचा, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा. 1910 साली देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, मागोमाग श्रुती-पेटी निघाली. 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती जाणकारांपुढं मांडली आणि जाणकारांना ती पटली नाही. पेन्शनीत माणसं गीतारहस्य वाचतात, दासबोधाची पारायणं करतात. देवलांनी पेन्शनीत सप्तकाची फेरमोजणी काढली! याला प्रायोगिक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तर पुतण्याचं संगीत. जेवणानंतर त्यानं डबीएवढा स्पीकर टेबलावर ठेवला. त्यातून एक घुमारा सुरू झाला, आणि तो सुरूच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत्याबाई म्हणाल्या, "गाणारा आलेला दिसत नाही अजून."

हे संगीत ला माँट यंग नावाच्या अमेरिकन गृहस्थांच्या वळणाचं. 1960 साली त्यांनी एक रचना लिहिली. त्यात सूर दोनच आणि सूचना एकच, की ते पुष्कळ वेळ धरून ठेवावेत. सूर कोणते ते पुतण्यानं दाखवलं आणि मी चाट पडलो. खालच्याला सा म्हणा, वरचा नेमका पंचम! म्हणजे सांगली केंद्रावर गवई गाऊ लागण्याआधी जे ऐकू यायचं आणि आपण ज्या वेळात अडकित्ता शोधून ठेवायचो, ते या माणसानं उचललं आणि पुढचा गवई काढून टाकला.

हे त्यांना आकाशातून सुचलेलं नाही. अली अकबर खाँची 1955 सालची एल.पी. त्यांनी तरुणपणी ऐकली होती, आणि तिच्यात सरोदामागं तानपुरा होता. 1970 साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले, तेव्हा यंग आणि त्यांचे मित्र टेरी रायली रीतसर त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. अब्दुल वहीद खाँकडंच आमच्या मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या. नातं लावायला आपल्याला वेळ लागत नाही. प्राणनाथ हे हिराबाईंचे गुरुबंधू, तेव्हा यंगसाहेब झाले हिराबाईंचे भाचेशिष्य. न्यूयॉर्कच्या पोटमाळ्यावरचं भूमिगत संगीत निघालं घरचंच.

घरचं आहे म्हणून गुण वाढवून द्यायचे कारण नाही. यंग यांच्या घुमाऱ्यात पहिली दहा मिनिटं छळ आहे. मग कान हळूहळू उघडतो आणि वाजवलेल्या सुरांच्या पोटातून न वाजवलेले सूर निघू लागतात. इथपर्यंत पैसे वसूल. पण पुढं हे गृहस्थ आपल्याला तिथंच बसवून ठेवतात. पाहुण्याला दिवाणखाना दाखवावा आणि जेवायला वाढूच नये तसं. रायली त्या मानानं प्रसन्न, त्यांच्याकडं निदान चहा मिळतो. प्राणनाथांची 1968 सालची भूपाली आणि आसावरीची एल.पी. मात्र मी तीनदा ऐकली. एका सुराभोवती ते इतका वेळ रेंगाळतात की क्वचित ओढल्यासारखं वाटतं, पण सूर लागला की तो लागलाच. आणि तरीही तबकडीची ती तीन-सव्वातीन मिनिटं घेऊन अब्दुल करीम खाँ भैरवीतली ठुमरी सुरू करतात, तेव्हा या सगळ्या तासांचा हिशेब एका मिंडीत चुकता होतो. नमुना म्हणून दिलेला चमचाभर श्रीखंडाचा घास पंगतीला भारी पडावा, तसं.

पुतण्याच्या फोनमध्ये तानपुराही आहे. कुणीतरी खरा तानपुरा एकदा छेडला, ध्वनिमुद्रित केला, आता तोच तुकडा न थकता फिरत राहतो. याला ते सॅम्पल म्हणतात. सोय उत्तम. तारा उतरत नाहीत, एस.टी.त मांडीवर घ्यावा लागत नाही. पण तो स्वतःला फारच ठाम आहे. खऱ्या तानपुऱ्यात तार घोडीच्या पसरट माथ्यावर घासत थरथरते, मध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून तिची जवारी उघडतात, आणि मग खर्जाच्या तारेतून गंधार बोलू लागतो. कुणी छेडलेला नसतो. स्वयंभू. हाच तो, पेटीत जागेवर नसणारा शुद्ध गंधार! देवल-क्लेमंट्स ज्याला पेटीत बसवू बघत होते तो मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यात फुकट राहत होता.

हे ऐकवायला पुतण्याला मिरजेच्या उरुसात नेलं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातच खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली मद्रासकडं प्रवासात ते गेले, आणि त्यांना मिरजेला आणलं. तिथं उरुसात गवई हजेरी लावतात. तिकीट नाही, खुर्ची नाही, मांडीला मांडी लावून हमाल आणि डॉक्टर. रात्री दोनला एका गवयानं तानपुरे जुळवायला घेतले आणि पंधरा मिनिटं जुळवतच राहिला. कुणी घड्याळ बघितलं नाही. पुतण्या डोळे मिटून बसला होता. छबिलदासला इतकं मन लावून बसलेला प्रेक्षक मी फार बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाला तार लावून विकता येत नाही. फोनमधला तानपुरा फुकट आहे आणि यांचा भोपळा वाळायलाच महिने लागतात. एका म्हाताऱ्या कारागिरापुढं नवा तानपुरा आडवा होता. दोरा सरकव, छेड, ऐक, पुन्हा सरकव. मी त्यांना अमेरिकेतल्या साहेबाची सगळी हकिकत सांगितली. दोन सूर, सा आणि प, पुष्कळ वेळ धरायचे.

"मग पुढं?"

"पुढं काही नाही."

त्यांना यात नवल वाटलं नाही. त्यांनी तार छेडली, कान भोपळ्याला लावला, गंधार येतोय का बघितलं आणि म्हणाले, "तानपुरा कुणाकडनं नेलाय त्येनी? पत्ता असला तर विचारा साहेब. इतका वेळ वाजवत्यात म्हंजे तारा बदलाय झाल्या असतील."