जुने नकाशे, शेतनामे आणि धातुशोध : बॉसवर्थच्या निमित्ताने

जुना नकाशा हाती घेऊन धातुशोधक यंत्राने शेते धुंडाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये चांगलाच रूढ झाला आहे. नाहीशी झालेली घरे, मोडलेल्या पायवाटा, नदीचे उतार, जत्रांची मैदाने या सर्वांची नोंद जुन्या नकाशांत सापडते. आणि जेथे माणसांची वर्दळ होती तेथे नाणी व गुंड्या पडलेल्या असणारच, हे अनुमान वरवर निर्दोष दिसते. परंतु नकाशावरील नाव आणि जमिनीतील वस्तू यांचा संबंध इतका सरळ असतो काय? ग्लेन फोर्ड व अ‍ॅन करी यांचा बॉसवर्थच्या रणभूमीविषयीचा 2013 मधील ग्रंथ या प्रश्नाचा विचार करावयास उत्तम साधन पुरवितो.

22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला व ट्यूडर घराणे सत्तेवर आले. ही लढाई अँबियन टेकडीवर झाली, हे मत विल्यम हटनच्या 1788 मधील पुस्तकाने दृढ केले व ते दीर्घकाळ टिकले. 2005 ते 2010 या काळात झालेल्या सर्वेक्षणाने मात्र रणभूमी टेकडीच्या नैर्ऋत्येस सुमारे 3 किलोमीटरवर निश्चित केली. तेथे तोफांचे व हातबंदुकांचे तीसाहून अधिक गोळे मिळाले. जुन्या दलदलीच्या काठी सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे रानडुकराचे चिन्ह मिळाले. रानडुक्कर हे रिचर्डचे निशाण होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात विशेष महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे 'रेडमोर' हे नाव. लढाईच्या अगदी जवळच्या काळात ती याच नावाने ओळखली जाई. पुढील लेखकांनी या नावाचा संबंध मातीच्या तांबड्या रंगाशी जोडला. वस्तुतः त्याचे पूर्वपद 'बोरू, लव्हाळा' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आले आहे. 'रेडमोर' म्हणजे लव्हाळ्याची दलदल. तांबडी माती शोधणारा कोणत्याही टेकडीवर पोहोचू शकतो; लव्हाळ्याची दलदल शोधणाऱ्याला सखल भागाकडेच वळावे लागते. लोकव्युत्पत्ती ही केवळ कोशातील करमणूक नव्हे. ती संशोधकाला भलत्या शेतात नेऊन उभे करू शकते.

असाच धडा मार्गारेट गेलिंग यांच्या 1967 मधील लेखातून मिळतो. 'विकम'सारख्या ग्रामनामांचा एक गट लॅटिन 'विकुस'शी संबद्ध असून ती गावे रोमन रस्त्यांच्या व वसाहतींच्या सान्निध्यात आढळतात, असे त्यांनी दाखविले. येथेही प्रमाण मिळाले ते एका सुट्या नावातून नव्हे, तर अनेक नावांच्या जुन्या रूपांच्या तुलनेतून.

हौशी शोधक ज्या नकाशांवर विसंबतात त्यांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. 1836 च्या कायद्यान्वये धान्यरूप धर्मकराचे रोख रकमेत रूपांतर करण्यासाठी जे नकाशे तयार झाले, त्यांच्या सोबतच्या याद्यांत शेतांची नावे क्रमवार दिलेली असतात. परंतु जेथे हा कर शेतजमिनींच्या वाटपाच्या वेळी आधीच मिटला होता तेथे असे नकाशे बहुधा झालेच नाहीत, आणि मध्य इंग्लंडचा मोठा भाग असाच आहे. तेव्हा नकाशाचे मौन म्हणजे वस्तीचा अभाव नव्हे. यंत्राचे मौनही तसेच. लोखंडाचे तुकडे वगळण्याची योजना बहुतेक हौशी शोधक करतात. मग लोखंडी बाणाग्रे मिळाली नाहीत, एवढ्यावरून बाण सुटलेच नव्हते असे कसे म्हणावे?

नावाचा अर्थ त्या त्या भाषेच्या व्यवहारात पाहावा लागतो, याचे उदाहरण मराठीतही आहे. 'काळी शेते' या अर्थाची इंग्रजी शेतनामे अनेकदा रोमन वस्तीची खूण ठरली आहेत, कारण जुन्या वस्तीच्या राखेने व केरकचऱ्याने तेथील माती काळवंडते. आपल्याकडे मात्र काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि वस्तीची ती पांढर. रंग उलटले तरी तत्त्व एकच : शब्द मातीविषयी बोलतो, पण आपल्या भाषेच्या संकेताने बोलतो.

फोर्ड-करी यांच्या ग्रंथाचे खरे महत्त्व म्हणूनच 'नकाशाने वस्तू मिळवून दिली' असे सांगण्यात नाही. कागदपत्रे, नावे, मातीचे परीक्षण व आखीव रेषांनी केलेला धातुशोध यांनी परस्परांचे दावे तपासले, आणि प्रत्येक वस्तूचे स्थान नोंदले गेले म्हणून विखुरलेल्या गोळ्यांतून रणभूमी उभी राहिली. तोच एखादा गोळा कोणी खिशात घालून नेला असता तर उरले असते ते केवळ शिसे. इंग्लंडमध्ये 1996 चा निखातनिधीविषयक कायदा सोन्याचांदीच्या व तत्सम ठराविक प्राचीन वस्तूंची वर्दी सक्तीची करतो. शिशाचा सुटा गोळा सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नाही. जेथे कायद्याचे बंधन संपते तेथे शोधकाची विद्यानिष्ठाच कसाला लागते. नकाशा जागा सुचवितो. ती जागा काय सांगते हे नोंदीवाचून कळत नाही.