पार्किन्सन्स आणि संगीतोपचार : रागचर्चेत हरवलेली लय

मराठीतील संगीतोपचारविषयक लेखन बव्हंशी रागाभोवती फिरते. अमुक विकारावर अमुक राग, अशी कोष्टके त्यात वारंवार आढळतात आणि रुग्णाने ध्वनिमुद्रण शांतपणे ऐकावे, एवढीच अपेक्षा असते. पार्किन्सन्स अर्थात कंपवातापुरते तरी हे प्रतिपादन टिकत नाही.

या आजारात डोपामिन निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी क्षीण होतात आणि हालचालींची अंगवळणी पडलेली लय बिघडते. चालताना पाऊल मध्येच जमिनीला खिळते. अशा वेळी बाहेरून येणारा नियमित ठोका आतल्या हरवलेल्या ठोक्याची जागा काही अंशी भरून काढतो. मायकेल थॉट व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात तालाच्या साथीने तीन आठवडे चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांचा वेग २५ टक्क्यांनी, तर पावलांची लांबी १२ टक्क्यांनी वाढली. राग कोणता, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. इटलीतील पाकेत्ती यांच्या २००० मधील ३२ रुग्णांवरील प्रयोगातही रुग्ण समूहाने गात होते, शरीर हलवीत होते. ते केवळ श्रोते नव्हते. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी चालविलेले नृत्यवर्ग याच दिशेचे आहेत.

मग कन्हानसारख्या खाणकामगारांच्या गावी काय करावे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भात घरोघरी परिचित आहे. भजनी मंडळात बसलेला वृद्ध रुग्ण ताल ऐकतो, टाळी देतो, मोठ्याने गातो. क्षीण होत चाललेल्या आवाजालाही त्यातून व्यायाम मिळतो. मात्र येथे भाबडेपणा नको. भजनाची लय शेवटी चढत जाते. ज्याची पावले आधीच लहान होऊन पुढे धावतात, त्याने अशा चढत्या लयीवर चालणे म्हणजे पडण्यास निमंत्रण होय. चालता चालता खंजिरी वाजविणेही नको, कारण एकाच वेळी दोन कामे या रुग्णांना जड जातात. शिवाय औषधे सुरूच राहावी लागतात, ही गोष्ट रागांची कोष्टके क्वचितच बजावून सांगतात.

सरावासाठी रुग्णाची एका मिनिटातील स्वाभाविक पावले प्रथम मोजावीत आणि भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठेका त्याच गतीला, न चढविता, धरावा. ढोलकीवाल्याला हे सहज जमेल; मात्र भजन रंगात आले असता हात आवरणे त्यालाही कठीणच जाईल.