भूत ओळखता येतं, प्रेमाचं काय?

साजगावात बोलायचं तर सुरुवात विठोबापासूनच करायला हवी. कार्तिकीच्या यात्रेत इथं माणसं विठ्ठलाचं दर्शन घेतात आणि त्याच फेरीत सुकी मासळीही घेऊन जातात. म्हणूनच तो बोंबल्या विठोबा. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं, इथल्याला वाटत नाही. देऊळ कुठं संपतं आणि बाजार कुठं सुरू होतो, ते त्याला कळतं. प्रेक्षकांविषयी लिहिताना आम्ही समीक्षक मंडळी लोकांची ही समज विसरतो.

आजचा विषय मोबाइलवरच्या छोट्या अद्भुत प्रेमकथांचा. उभा पडदा, दीड-दोन मिनिटांचा एकेक भाग. खोपोलीहून लोकल कर्जतला पोचेपर्यंत दहा भाग सहज होतात. चीनमध्ये या मालिकांना दुआनजू म्हणतात. नायक कधी शापित राजपुत्र, कधी लांडगा होणारा माणूस. नायिका मरते, पुन्हा जन्मते. पहिले काही भाग फुकट असतात आणि ऐन मोक्यावर पैसे मागितले जातात. यावर आमची ठरलेली तक्रार अशी, की लोक भोळे आहेत, त्यांना हे खरं वाटतं.

ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा अंधश्रद्धा पसरते आणि कोकणाची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गातून विरोध झाला. तो विरोध समजण्यासारखा होता. पण पुढं काय झालं? २०१९ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला, आणि लोकांच्या तोंडी भूत राहिलंच नाही. राहिले ते अण्णा नाईक आणि शेवंता. त्यांच्यावर विनोद झाले, चित्रं फिरली, जोडी लाडकी झाली. आता हा अण्णा कोण? खून करणारा, बायकोला छळणारा माणूस! माधव अभ्यंकरांनी तो फार ताकदीनं उभा केला, हे खरंच. पण माईचं दुःख रोज पडद्यावर दिसत असूनही चर्चा अण्णांच्या रंगेलपणाचीच जास्त झाली.

आमचं म्हणणं एवढंच आहे. चमत्कार खोटा असतो हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला कळतं, त्याची काळजी नको. प्रेमाच्या नावाखाली जे खपवलं जातं, ते मात्र नजरेतून सुटतं.

कुणी म्हणेल, करमणूक आहे हो, एवढं काय मनावर घ्यायचं? मान्य. दिवसभर राबून आलेल्या बाईला दोन मिनिटं कुणीतरी जिवापाड जपतंय असं पाहावंसं वाटलं, तर तिला हसणारे आम्ही कोण? तिची ती भूक खरी आहे. म्हणूनच तिच्या ताटात काय वाढलंय, ते बघायला हवं.

त्यासाठी एक साधी युक्ती. गोष्टीतून जादू काढून टाका आणि नायक काय करतो ते सरळ मराठीत सांगा. तो तिच्या मागे मागे जातो. तिला न विचारता लग्न ठरवतो. तिच्या भल्यासाठी म्हणून तिला वाड्यात कोंडतो. लांडग्याचे दात आणि राजपुत्राचा मुकुट बाजूला केला, की उरतो तो आपल्या ओळखीचा माणूस. त्याच्या घरी आपण आपली मुलगी देऊ का? पुढच्या भागाचे पैसे भरण्याआधी एवढं स्वतःला विचारावं.