शस्त्रक्रियेनंतरचे अस्थिस्वास्थ्य : यशाच्या एका निकषाची चिकित्सा

परावटु ग्रंथींवरील शस्त्रक्रियेच्या वैद्यकीय वाङ्मयात ‘रोगमुक्ती’ या शब्दास एक ठराविक अर्थ प्राप्त झाला आहे : शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण प्राकृत असणे. एकाच ग्रंथीत उद्भवलेल्या गाठीपुरता हा निकष चालून जाईल. परंतु ‘मेन-1’ या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांनाही तोच लावला जातो, तेव्हा हाडांचे पुढे काय झाले हा प्रश्न बाजूसच राहतो, असे आमचे मत आहे.

या विकाराचे कौटुंबिक स्वरूप पॉल वर्मर यांनी 1954 मध्ये दाखवून दिले; अकराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक 1997 मध्ये ओळखले गेले. यात चारही परावटु ग्रंथी बिघडतात, आणि पुष्कळदा त्या ऐन विशीत. अस्थींची भरण तर तिशीच्या सुमारास पुरी होते. म्हणजे भांडवल पुरते जमण्यापूर्वीच त्याची उचल सुरू होते.

शस्त्रक्रियेने ही उचल थांबते, हे निर्विवाद होय. टास्मानियातील रुग्णांवरील 1999 च्या अभ्यासात यशस्वी शस्त्रक्रियेनंतर अस्थिघनता वाढलेली आढळली. पण ही वाढ किती काळ टिकावी? साडेतीन ग्रंथी काढल्या तर उरलेला तुकडा कालांतराने पुन्हा वाढू शकतो. चारही काढून एक अंश बाहूत रोवला तर कायमची कॅल्शियमन्यूनता ओढवण्याचे भय. (1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी ज्या रुग्णावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, त्याचाही रोग काही वर्षांनी परतलाच होता.) शिवाय पोष ग्रंथीच्या गाठीमुळे लैंगिक अंतःस्राव घटतात, जठराम्ल दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, या दोहोंचा भार हाडांवरच पडतो, आणि गळ्यावरील शस्त्रक्रियेने तो उतरत नाही. अस्थिघनतेचा एकच आकडा देणारा लेखक ही सर्व कारणे एका ओळीत पुसून टाकतो.

आपल्याकडे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्रावविज्ञान विभागाने 2016 मध्ये पश्चिम भारतातील अशा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, ही समाधानाची गोष्ट. पाश्चात्त्य देशांत परावटु ग्रंथींचा अतिस्राव बहुधा रक्ततपासणीत सहज सापडतो. भारतीय रुग्ण मात्र पुष्कळदा हाडे दुखू लागल्यावर वा मोडल्यावर येतो, आणि त्यातच ड-जीवनसत्त्वाची उणीव सर्वत्र. इतक्या रित्या हाडांत शस्त्रक्रियेनंतर क्षार झपाट्याने भरतात. टक्केवारी डोळ्यांत भरते. ती पाश्चात्त्य आकड्यांशेजारी मांडून आपला निकाल सरस ठरविणे ही फसगत आहे. पायथा खोल असला की चढ उंच दिसतोच.

मावळातील वडिवळ्यासारख्या गावाचा विचार करावा. मुख्य अन्न भात; त्यात कॅल्शियम अत्यल्प. नाचणीत ते 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून अधिक, पण ताटातून नाचणी हटत चालली आहे. तपासणीसाठी कामशेत गाठावे, तेथून लोकलने पुणे. भातलावणीच्या दिवसांत तो दिवस कोण मोडणार? असा रुग्ण दोन वर्षांनी येईनासा झाला, की अहवालात तो ‘रोगमुक्त’ म्हणूनच राहतो. दहा वर्षांचा दावा करणाऱ्या प्रत्येक निबंधाने निदान इतके सांगावे : दहाव्या वर्षी किती रुग्ण हजर होते, मधल्या काळात किती अस्थिभंग झाले, आणि मनगटाजवळच्या हाडाचे मापन केले होते की केवळ कण्याचे.