अहवालातले पोर

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कवितेवर तर वाद घालून झाले, अजूनही घालतो आहोत. परंतु आपल्या वस्तीतल्या पोरांविषयी सरकारला आणि कोर्टाला जे काही कळते ते कवितेतून कळत नाही, आत्मकथनातूनही कळत नाही. ते अहवालातून कळते. कोणी तपासनीस निरीक्षणगृहात जातो, तास दोन तास बसतो, चार पोरांशी बोलतो, नमुन्याचा कागद भरतो. त्या कागदावर पोराचे पुढचे वर्ष ठरते. असा कागद वाङ्मय नाही म्हणून समीक्षकाने त्याकडे पाठ फिरवायची, हे मला पटत नाही. ज्या लेखनाने आपल्या माणसांचे भले-बुरे होते, त्याची भाषा तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

रिमांड होम हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून ऐकू येतो. शाळा बुडवली, कोणाच्या शेतातली कणसे तोडली, की आई म्हणायची, ‘नेऊन टाकतील तुला रिमांड होमात.’ उच्चवर्णीयांच्या घरात ही धमकी बोर्डिंगची असते. हा फरक कायद्याच्या पुस्तकात कुठेच लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या तपासाची आठवण निघाली की शीला बारसे यांच्यापासून सुरुवात करावी लागते. त्या पत्रकार होत्या, सरकारी तपासनीस नव्हत्या. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी 15 स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाचा 1983 चा निकाल झाला. त्यानंतर त्या मुलांच्या प्रश्नाकडे वळल्या. डोंगरीचे निरीक्षणगृह चिल्ड्रेन्स एड सोसायटी चालवत होती. तिथल्या मुलांच्या स्थितीविषयी त्यांनी तक्रार केली आणि ती 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. संस्था आम्ही खाजगी आहोत असे म्हणून सुटू शकली नाही. तिची वागणूक राज्याच्या वागणुकीच्या मापाने मोजली जाईल असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या 16 वर्षांखालच्या मुलांविषयीच्या त्यांच्या दुसऱ्या याचिकेत आदेश झाला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात मूल आरोपी असेल तर तपास तीन महिन्यांत आणि खटला आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत संपला पाहिजे, असे त्यात होते.

हे थोर काम आहे, यात शंका नाही. पण पुढे काय झाले तेही वाचले पाहिजे. तारखांवर तारखा पडत गेल्या. राज्ये माहिती देईनात. शेवटी बारसे यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. 1988 मध्ये न्यायालयाने ती नाकारली. याचिका चालू ठेवली, त्यांना मात्र त्यातून बाजूला केले आणि त्यांच्या जागी न्यायालयाची विधी-साहाय्य समिती आणली. प्रश्न सार्वजनिक आहे, एका व्यक्तीच्या मालकीचा नाही, हे न्यायालयाचे म्हणणे तर्काला धरून आहे. तरीही मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. जी बाई दाराशी जाऊन ‘आत काय चालले आहे?’ असे विचारत होती ती गेली आणि प्रश्न कचेरीच्या ताब्यात आला. विचारणारा माणूस बदलला की प्रश्नही बदलतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक. त्या निकालांत मुले आहेत, त्यांचे वय आहे, कोठडीतले दिवस आहेत. त्यांची जात हा प्रश्न मांडणीत येत नाही. ‘गरिबी’ या एका शब्दाखाली सगळे झाकले जाते. गरीब ब्राह्मणाचे पोर आणि गरीब पारध्याचे पोर एकाच चौकीत गेले तर दोघांना सारखाच प्रश्न विचारला जात नाही. पहिल्याला विचारतात, ‘तू असे का केलेस?’ दुसऱ्याला विचारतात, ‘आणखी कुठे कुठे केलेस?’

जात कागदावर नसते असे मात्र समजू नये. 2015 च्या बालन्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांत सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना आहे. त्यात मुलाची जात आणि धर्म यांची नोंद आहे. घरातली नीतिमत्ता आणि धर्माविषयीचा दृष्टिकोन विचारला आहे. कुटुंबातले कोणी गुन्ह्यात गुंतले होते काय, हेही आहे. हा रकाना कोणाच्या घरात कसा भरला जाईल? 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द होईपर्यंत आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या गेल्या होत्या. नंतरच्या दुरुस्त्यांनी त्या जमातींची मुले आईबापांपासून काढून सुधारशाळेत घालण्याची सोयही करून ठेवली होती. ज्याच्या आजोबाला सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये हजेरी द्यावी लागत होती त्याच्या नातवाच्या कागदावर ‘कुटुंबाची पार्श्वभूमी’ काय लिहिणार? रकाना निरपराध दिसतो. भरणारा हात निरपराध असेलच असे नाही.

या ठिकाणी लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (1987) अहवालाच्या शेजारी ठेवून वाचावे. पोलिसांचा मार सोसता यावा, तोंडातून नाव फुटू नये, म्हणून घरचेच पोराला आधी मार खायला शिकवतात, हे त्या पुस्तकातून कळते. ही गोष्ट ज्याला माहीत आहे तो तपासनीस पोराच्या गप्प राहण्याचा वेगळा अर्थ लावील. ज्याला माहीत नाही तो लिहील, ‘मुलाची काही तक्रार नाही.’ एकाच मौनाचे हे दोन अनुवाद आहेत. सरकारदफ्तरी दुसरा जातो. आत्मकथनांकडे केवळ वेदनेचा दस्तऐवज म्हणून पाहणाऱ्या आपल्या समीक्षकांनी हा उपयोग ध्यानात घेतलेला नाही.

माझा एक विद्यार्थी पारधी समाजातला. पदवीनंतर समाजकार्य शिकायला गेला. क्षेत्रकार्यासाठी त्याला एका निरीक्षणगृहात तपासणी पथकाच्या बरोबर नेले. पथकाने पोरांना व्हरांड्यात ओळीने बसवले, अधीक्षक शेजारी उभे, आणि विचारले, ‘जेवण मिळते का? कोणी मारते का?’ सगळी पोरे म्हणाली, मिळते, मारत नाही. हा मुलगा मागे राहिला. एका पोराशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलला. पोर आधी त्याचे गाव विचारू लागले, मग नातेवाईक. सगळा मेळ जुळल्यावर एवढेच म्हणाले की पाहुणे गेले की मोजणी होते. मोजणी म्हणजे काय, तर कोण काय बोलला ते एकेकाला उभे करून विचारायचे. पथकाच्या अहवालात त्या दिवसाची नोंद आहे: मुलांशी संवाद साधला, तक्रार नाही, स्वच्छता समाधानकारक. ‘मोजणी’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत आहे. समीक्षक म्हणून मला विचाराल तर ती वही अधिक चांगले गद्य आहे. कारण तिच्यात ऐकणारा कोण आहे हे कळते.

वहीतले गद्य अहवालात येऊ शकते, याचे एक उदाहरण आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या 110 निवारा संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. 2018 मध्ये अहवाल दिला. 17 संस्थांविषयी गंभीर आक्षेप होते. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण त्यातून उघडकीला आले. खटला दिल्लीत चालला आणि जानेवारी 2020 मध्ये 19 जण दोषी ठरले. त्यांत कोण होते पाहा. बालकल्याण समितीचा अध्यक्ष होता, त्याच समितीचा एक सदस्य होता, बालसंरक्षण अधिकारी होता. म्हणजे ज्यांनी तपासायचे तेच. तिथे तपासणी होत नव्हती असे नव्हे. तपासणी करणारे दाराच्या आतले होते.

त्या अहवालाचे बळ मला त्याच्या आकड्यांत वाटत नाही. अररियाच्या निरीक्षणगृहातल्या एका मुलाचे म्हणणे त्यात आले आहे. याला सुधारगृह कशाला म्हणता, बिघाडगृह म्हणा, अशा अर्थाचे. लिहिणाऱ्यांनी ते सभ्य भाषेत घोटून टाकले नाही. दोन शब्दांत त्या पोराने एका सबंध खात्याची समीक्षा केली आहे. मात्र पोराचे वाक्य अहवालात शोभेची वस्तू म्हणूनही घालता येते, आणि आता तशी फॅशन पडते आहे. आठ पाने स्वतःची आणि चौकटीत पोराचे एक वाक्य, ही उचलेगिरीच.

तपासणारा आणि तपासला जाणारा यांचे नाते काय असावे, याचे उत्तर शोधायला मी चाळीसगावला जातो. 1929 साली मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा तपास करीत खानदेशात फिरत होते. चाळीसगावला महाराला टांग्यात बसवायला टांगेवाला तयार होईना. वस्तीतल्या, टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या माणसाने टांगा हाकला, आणि बाबासाहेब पडून जखमी झाले. समितीचा अहवाल 1930 मध्ये आला. तो आज किती जण वाचतात? टांग्याची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आणि ती सर्वांना ठाऊक आहे. ज्याचा तपास करायचा तेच तपासनिसाच्या अंगावर आले होते. सरकारी ओळखपत्राने त्यांची जात झाकली नव्हती.

अमेरिकेतले काळे लेखक हा मुद्दा फार पूर्वी ओळखून बसले आहेत. फ्लोरिडातली डोझियर सुधारशाळा 2011 मध्ये बंद झाली. नंतर साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या पथकाने तिथे 55 पुरलेली प्रेते शोधून काढली. शाळेच्या नोंदींशी हा आकडा जुळत नव्हता. दफनभूमी काळ्या मुलांच्या बाजूला होती. कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द निकेल बॉइज’ (2019) ही कादंबरी त्यातून आली. कागद खोटे बोलला तेव्हा जमीन खणावी लागली.

आपल्या कायद्यात तपासणीची तरतूद चांगली आहे. 2015 च्या कायद्याच्या कलम 54 प्रमाणे समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची, पथकात किमान तीन जण, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्यात अहवाल द्यायचा. संस्थेतल्या नोकराने मुलाचा छळ केला तर कलम 75 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पण पोराची बोली जाणणारा एक माणूस पथकात असावा, अशी अट त्या कलमात नाही. वडार, कैकाडी, पारधी पोरांशी अधीक्षकासमोर प्रमाण मराठीत बोलायचे आणि तक्रार नाही म्हणून लिहायचे, हे नियमात बसते.

कायदा पोराचे नाव छापू देत नाही, ते योग्यच आहे. शिक्षेची नोंदही मुदत संपली की नष्ट करायची असते. पण त्याला झालेल्या मारहाणीची नोंद मुळात झालेलीच नसते, म्हणून नष्ट करायचा प्रश्न येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने आपली वही त्या विभागाच्या प्राध्यापकांना दाखवली होती. शैली अहवालाची नाही, असा शेरा मारून त्यांनी ती परत केली आणि नमुन्यात पुन्हा लिहून आणायला सांगितले. त्याने लिहून दिले. गुण चांगले मिळाले. मूळ वही सध्या माझ्याकडे आहे.